दिव्यावरचं घरटं

फोटो धुण्याच्या औषधाचा वास आला की मला पन्नास सालानंतरची आमची घाटकोपरची चाळ आठवते. समोरच्या गॅलरीतल्या विजेच्या दिव्यावर बुलबुलानं घरटं बांधलं होतं आणि मी मामाचा बॉक्स कॅमेरा रोखून उभा होतो. "पोरीचे फोटो काढतोस? लाज नाही वाटत?" समोरचे काका कडाडले. चाळ गोळा झाली. "काका, बुलबुल आहे हो! फोटो आला की दाखवतो ना!" मी रडवेला झालो. वडील खाली मान घालून आत गेले. फोटो आला तेव्हा त्यात पक्षी उडालेला होता आणि मला कॅमेऱ्यातून दिसलीच नव्हती ती काकांची मुलगी दारात केस पुसताना स्वच्छ आली होती. मी तो फाडून टाकला. वडिलांनी फोटोबद्दल शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं, हे आज म्हातारपणीही मला खातं.