अकोट्याकडचा स्विच

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला बडोद्याची पोस्टिंग कधी मिळाली नाही. मिळाली ती विश्वामित्रीला पूर आला तेव्हा, तीही चार दिवसांची. माझे पणजोबा आणि आजोबा संस्थानच्या फौजेत होते, मी लष्कराच्या सिग्नलमध्ये हवालदार. आपल्याच गावात वर्दी घालून उतरलो आणि पहिल्याच ब्रीफिंगमध्ये कळलं, की घरी जाता येणार नाही. घर नदीपलीकडे, अकोट्यात. तिथे वडील एकटे. पूल बंद होता.

कंट्रोल रूम अलीकडच्या काठावर, समामधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. पलीकडे अडकलेल्यांच्या नातेवाइकांचे फोन तिथे यायचे. आम्ही पत्ते अकोट्याच्या बाजूला कळवायचो, की तिथल्या बोटी निघत. त्यासाठी दोन्ही काठांवर एकेक नेटवर्क स्विच आणि मध्ये रेडिओ लिंक होती. स्विच म्हणजे केबल लावायच्या पोर्टची रांग असलेला चपटा डबा. कुणी कुणाशी बोलायचं ते तो ठरवतो.

अकोट्याकडचा स्विच लान्स नाईक दिपेन बोराकडे होता. बोरा आसामचा, नदीकाठी वाढलेला. निघण्याआधी आम्ही दोन्ही डबे टेबलावर शेजारी ठेवून सेट केले. आधी नाव दिलं, पासवर्ड घातला. फोन एका गटात, कॉम्प्युटर दुसऱ्या गटात. न वापरायचे पोर्ट बंद. सर्वांत शेवटी सेव. सिव्हिलमधले लोक नेमकं हेच विसरतात. स्विचमध्ये केलेला बदल लगेच चालू होतो, पण सेव केला नाही तर वीज जाताच पुसला जातो. म्हणून आमच्या सेक्शनचा रिवाज असा, की बदल करणाऱ्याने मोठ्याने ‘सेव’ म्हणायचं आणि दुसऱ्याने ते परत म्हणायचं. बोरा ते इतक्या गंभीरपणे म्हणायचा, की मी त्याला चिडवायचो.

“मंत्र पढ़ रहा है क्या?”

“मंत्र भूल गए तो बिजली जाते ही सब साफ़, उस्ताद.”

बोटीत बसताना त्याने विचारलं, “उस्ताद, आपका घर उधर ही है ना? गली बताइए.”

“काम पे जा,” मी म्हणालो. पण गली सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर त्याचा आवाज आला. “अकोटा टू समा. बाबूजी ठीक हैं. ऊपर पड़ोसी के यहाँ. मुझे चाय पूछ रहे थे. ओव्हर.”

“निजी बात नहीं. आउट.”

एवढं बोललो आणि नळावर तोंड धुवायला गेलो. रडलो, दुसरं काही नाही. घर बोटीने दहा मिनिटांवर होतं आणि मी हॉलमध्ये केबली मोजत बसलो होतो. इतकं एकटं मला सीमेवरही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी पुन्हा चढलं. अकोट्याचा स्विच उत्तर देईना. हातातल्या रेडिओवर बोरा म्हणाला, “जनरेटर में पानी. स्विच छत पर ले जा रहा हूँ. बैटरी पर चलाऊँगा. वेट.”

हॉलमध्ये फोन वाजत होते. एका बाईंची अकोट्यातली सून बाळंत व्हायच्या बेतात होती आणि पाणी पलंगाला लागलं होतं. पत्ता आमच्याकडे होता, पण हातातला रेडिओ फक्त बोरापर्यंत जायचा; बोटी सोडणारे दूर काठावर होते, त्यांच्यापर्यंत पोचवायला लाइन नव्हती. कॅप्टनसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते.

“समा, पोर्ट एक भीग गया. रेडियो पोर्ट तीन पर डाला. सेटिंग बदल दी. देखो.”

स्क्रीनवर अकोटा परत आला. “लिंक अप,” मी म्हणालो.

“सेव.”

“सेव.”

“एक बैटरी नीचे रह गई. लाता हूँ. आउट.”

सुनेचा पत्ता पहिला गेला. बोट सुटल्याचं कळलं. त्यानंतर रेडिओवर बोराचा नाही, त्याच्याबरोबरच्या सिपाही यादवचा आवाज आला.

“उस्ताद, कंपाउंड की दीवार गिरी. बोरा नीचे था.”

“कैसा है?”

“नहीं रहा, उस्ताद.”

कॅप्टनसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मोरे, लाइन चालू रखो.”

“जी, साब.”

संध्याकाळी गच्चीवरची बॅटरी उतरली. बोटीने दुसरी पोचवली. यादवला स्विचमधलं काही येत नव्हतं, त्याने फक्त वायर जोडली. डबा पुन्हा सुरू झाला आणि आपणहून पोर्ट तीनवर बोलू लागला. बोराने सेव केलं होतं. पाणी ओसरेपर्यंत अकोट्याच्या सगळ्या बोटी त्याच लाइनवर चालल्या. सून आणि तिचं बाळ सुखरूप निघाली.

सामान स्टोअरला परत करताना स्विच कोरा करून द्यायचा, असा नियम आहे. अकोट्याकडचा डबा माझ्या टेबलावर आला. त्यावर चिखल वाळला होता. पुसण्याची कमांड दिली, की तो एकदा विचारतो, नक्की का? मी आधी डब्यावरचा चिखल पुसून काढला. आज्ञा ती आज्ञा. एंटर दाबलं.

आता मी पेन्शनीत आहे, अकोट्याच्याच घरात. वडील गेले. शेवटपर्यंत म्हणायचे, “तो छोकरा चहा न घेताच गेला रे.” बाजव्यापासून समापर्यंत लहानसहान ऑफिसांचे स्विच मी लावून देतो. नाव, पासवर्ड, गट, रिकामे पोर्ट बंद. शेवटी मोठ्याने म्हणतो, “सेव.”

परवा एका ऑफिसातल्या गुजराती बेननी, कुणाशी बोलतोय म्हणून विचारलं, “काका, कोनी साथे वात करो छो?”

“कोईनी साथे नहीं, बेन.”

रेडिओवर उत्तर यायला जितका वेळ लागायचा, तितका वेळ मी थांबतो. मग लॅपटॉप मिटतो.