भांडायचं तर शेतात

माझं शिक्षण चौथीपर्यंत. काही लोक मला चौथी नापास म्हणतात, पण निकाल लागायच्या आधीच मी शाळा सोडली होती, त्यामुळे तसं म्हणायचा कोणाला अधिकार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे एका शिकलेल्या डॉक्टरीणबाईंशी माझा मतभेद येणार आहे.

शिंदखेड्याच्या अलीकडे आमचं गाव. घरात आम्ही पाच माणसं: मी, माझी म्हातारी, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. भांडण रोजचं. कशावरून होईल याचा नेम नाही. भाजीत तिखट कमी पडलं, विहिरीवरची मोटार चालू राहिली, पाहुण्याला चहा आधी दिला की पाणी आधी दिलं, काहीही पुरतं. आवाज आमच्या सगळ्यांचेच मोठे. त्यातून म्हातारी माझ्याशी सरळ बोलत नाही. रागावली की नातीच्या हाती निरोप धाडते.

"तुना आबाले सांग, गिळाले ये."

नात ओट्यावर येऊन सांगायची, "आबा, आजी म्हनस, जेवाले या."

मी म्हणायचो, "तिले सांग, माले भूक नही."

ती आत जाऊन सांगायची, "आजी, आबा येतस."

आणि मग मला जावंच लागायचं. अशी पोस्टमन मी दुसरी पाहिली नाही.

माफी मागायची पद्धत आमच्या घराण्यात नाही. माझ्या बापाने मागितली नाही, मी मागितली नाही. भांडण झालं की मी घराच्या चौकात बसून अडकित्त्याने सुपारी फोडतो आणि अर्धं खांड म्हातारीपुढे पाटावर ठेवतो. ती भांडी घासते, झाडून काढते, खांडाकडे बघतही नाही. मनात आलं की पदराला हात पुसते आणि खांड उचलून तोंडात टाकते. तेवढा वेळ नात भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. म्हातारीची दाढ हलली की ती म्हणायची, "मिटनं," आणि खेळायला पळायची.

जूनमध्ये नात शाळेत गेली. बाईंनी एकदा सगळ्या वर्गासमोर कविता म्हणायला उभं केलं, हिला आठवली नाही, पोरं हसली. तिथून रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. सुटलेली सवय परत लागली आणि अंथरूण ओलं होऊ लागलं. शाळेत तोंड उघडेना. सुनेने हिंगाचं पाणी लावलं, म्हातारीने मीठ-मोहरी ओवाळली, मी म्हटलं लाड कमी करा. कशानेच फरक पडला नाही, तेव्हा मुलगा तिला धुळ्याला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाला. सून होतीच. मीही गेलो, कारण माझ्या माघारी काय ठरेल याचा मला भरवसा नव्हता.

बाईंनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, पोटात काही नाही, मुलीवर ताण आहे.

"बाई, ताण माले सांगू नका," मी म्हटलं. "माझी लिंबाची झाडं आहेत. बहर पाहिजे तर पाणी तोडून ताण द्यावाच लागतो. त्याशिवाय झाड फुलत नाही."

"मग पाणी परत कधी सोडता?"

"पानं गळायला लागली की."

"आणि सोडलंच नाही तर?"

"तर सरपण होतं."

"मी तेच म्हणते आहे, आबा."

त्या वाद घालतील अशी माझी तयारी होती. त्यांनी लगेच कबूल केलं तसा मी मागे टेकून बसलो. मग त्यांनी समजावलं. शाळेचा पहिला दिवस, कविता, सुई, हा थोड्या वेळाचा ताण. त्याने पोर तयार होतं. घरात मोठं दुखणं किंवा मरण आलं तर तो मोठा ताण, पण कोणी जवळ घेऊन बसलं तर पोर तोही सोसतं. तिसरा रोजचा, न संपणारा, आणि त्यात पोर एकटं. तो झोप खातो, भूक खातो, बोलणं आणि शिकणंसुद्धा अडवतो.

"घरात भांडणं होतात का?" त्यांनी विचारलं.

सून जमिनीकडे बघायला लागली. मुलगा पंख्याकडे.

"होतात. रोज," मी सांगितलं. आपल्या घरची गोष्ट लपवायची मला सवय नाही.

बाई म्हणाल्या, मोठ्यांच्या भांडणात तिला ओढू नका, निरोप धाडू नका. आणखीही काही बोलत होत्या, पण तोवर मी मनात निर्णय घेऊन उठलो होतो.

परतीच्या एसटीत मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आबा, हे असंच चालणार असेल तर मी जळगावला बदली घेतो. खोली बघतो. पोरीला तरी शांतता मिळेल."

जळगाव काही परदेश नाही, पण नात तिथे गेली असती तर सणावारालाच दिसली असती. घरी पोचल्यावर मी सगळ्यांना चौकात उभं करून सांगितलं: आजपासून या घरात भांडण बंद. ज्याला भांडायचं असेल त्याने शेतात जायचं. सून काहीतरी बोलायला आली होती. मी म्हटलं, ठरलं ते ठरलं.

मी एकदा ठरवलं की त्यात कसूर नाही. राग आला की एकाने म्हणायचं, "कपाशी पाहून येऊ," आणि दुसऱ्याने चपला घालायच्या. पहिली अडचण म्हातारीच्या गुडघ्यांची. बांधापर्यंत पोचेस्तोवर तिला इतका दम लागायचा की भांडण कशावरून आहे हेच ती विसरायची. मग नवीन काढावं लागायचं. दुसरी अडचण अशी की घरात आमचं भांडण चार भिंतींत राहायचं, शेतात ते उघड्यावर आलं. शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून ऐकायच्या. एक तर म्हणाली, "आबा, कालदिनचं अर्धंच ऱ्हायनं ना?"

मुलगा आणि सून संध्याकाळी मोटारसायकलवर जायचे. कपड्यांना कुसळं चिकटवून परत यायचे आणि दोघं ओट्यावर बसून मुकाट्याने कुसळं काढायचे. सुपारी मी शेतातच फोडायचो. बांधावर मिटवायचं आणि हसऱ्या तोंडाने घरी यायचं.

घरात तर असं गोड सुरू झालं की काय सांगू. एक दिवस म्हातारी दारात उभी राहून मला सरळ म्हणाली, "जराशी चहा लेतस का?" इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला असं कधी विचारलेलं नाही. मलाच धडकी भरली. तिला काही दुखणं निघालं की काय, असं वाटलं.

आणि नातीचं पोट जास्त दुखायला लागलं. रात्री ती म्हातारीच्या पदराची गाठ हातात धरून झोपायची. म्हातारी न्हाणीत गेली तरी दाराबाहेर उभी. मग चपला हरवू लागल्या. आधी म्हातारीच्या, मग सुनेच्या, मग माझाही एक जोडा. मी गल्लीतल्या कुत्र्याला शिव्या दिल्या. सुनेने ज्वारीच्या कोठीमागे झाडू घातला तर सगळ्या चपला तिथे निघाल्या, ओळीने लावलेल्या.

मी नातीला जवळ घेतलं. "कसाले लपाड्यात वं?"

तिने माझ्या सदऱ्याचं बटण फिरवलं. मग म्हणाली, "तुम्ही तोंड फुगाडीसन वावरमा जातस. घर येतस तवय गोड बोलतस. मनी मैत्रीणनी माय बी गोड बोलनी नि मामाकडे चालनी गयी. मंग परत उनीच नही."

मुलगा म्हणाला, "झालं तर. जळगावचं मी उद्याच बोलतो."

तिथे माझा नियम मीच मोडला. शेतात जायला चपला पायात नव्हत्या, आणि असत्या तरी मी थांबलो नसतो. मी मुलाला म्हटलं, जळगावच्या खोलीत पोरगी कोणाशी बोलेल, भिंतीशी? तो म्हणाला, इथे तरी कोणाशी बोलते? सून म्हणाली, दोघं गप्प बसा. म्हातारी तिच्यावर ओरडली की माझ्या मुलाला गप्प बस म्हणू नकोस, आणि लगेच मुलावर ओरडली की बापाला उलटून बोलू नकोस. मग सवयीने नातीकडे वळली, "तुना आबाले सांग..." आणि थांबली. बाईंनी मना केल्याचं सुनेने सांगितलं होतं, ते तिला आठवलं. माझ्याकडे तोंड करून ती म्हणाली, "तुम्हीच ऐका. पोरगी गयी तर मी बी जास. मंग तुम्ही नि तुमना लिंबू."

नात भिंतीला पाठ लावून बसली होती आणि माझ्या हाताकडे बघत होती. मी अडकित्ता आणला. सुपारी अशी चिवट निघाली की दोनदा निसटली. अर्धं खांड म्हातारीपुढे ठेवलं. तिने पीठ चाळलं, पाणी भरलं, दिवा लावला. नातीची नजर खांडावरून हलली नाही. अखेर म्हातारीने पदराला हात पुसला.

"मिटनं," नात म्हणाली. पण उठली नाही. बापाकडे बघत राहिली.

माझ्या बापाने माझ्यापुढे कधी खांड ठेवलं नव्हतं. मी उरलेल्या अर्ध्याचे दोन केले आणि एक मुलापुढे सरकवलं. त्याला सुपारीचा वाससुद्धा सोसत नाही. त्याने खांडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि ते तोंडात टाकलं. कडू औषध घ्यावं तसं तोंड करून चावत राहिला. जळगावचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही.

पुढच्या खेपेला आम्ही बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भांडण मिटताना तिला दिसायला हवं, हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

सुनेने मान डोलावली.

"मग तू का बोलली नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही बोलू दिलं का, आबा?"

त्यावरून परतीच्या एसटीत आमचं चांगलंच जुंपलं. बाई तसं बोलल्याच नव्हत्या, असं माझं आजही म्हणणं आहे. कविता म्हणायच्या दिवशी नातीचं पोट अजून थोडं दुखतं. त्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी बसून राहतो. पण त्या परतीच्या एसटीत तिला काही झालं नाही. आम्ही वाद घालत होतो आणि ती आमच्या मध्ये बसून शेंगा खात होती. नरडाण्याचा थांबा गेल्यावर तिने माझ्या खिशात हात घालून सुपारी चाचपून पाहिली, आहे याची खात्री केली आणि मांडीवर डोकं ठेवून झोपली.