दोन थरांची गोधडी

तळेगाव ढमढेऱ्यात दर बुधवारी दुपारी आम्ही आठ-दहा बायका देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकून गोधड्या शिवतो. या गोधड्या दौंडकडच्या एका शाळेत जातात; वाटताना मुलांसोबत आमचे फोटो निघतात. तिथली मुलं कुणी अंथरुणाला खिळलेली, कुणी चाकाच्या खुर्चीला. जुन्या सुती साड्या आम्ही घरोघर मागून आणतो, धुऊन वाळवतो, थर लावतो. लोक मला मोठ्या मनाची म्हणतात. दोन वर्षं मी ते ऐकून घेतलं. आता नको.

माझी धाकटी जाऊ भिंतीपलीकडं राहते. वाटणी झाल्यापासून आमचं बोलणं कामापुरतं, तेही टोचून. तिची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. स्नायूंचा आजार; अंगातला जोर वर्षागणिक कमी होत चाललेला. आधी चालणं गेलं, मग बसणं. एवढंच उरलं होतं, की अंगावरचं पांघरूण ती कोपरानं ढकलून बाजूला सारायची. त्याचा तिला कोण अभिमान! सारलं की आईला बोलावून दाखवायची.

मंडपातल्या बायकाच म्हणाल्या, घरच्या लेकराला एक नको का? नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. जावेला कळलं तशी ती रांजणगावची पहिली पाळी उरकून, कंपनीच्या बसमधून उतरून थेट मंडपात आली. ओळखपत्र गळ्यात तसंच.

आमच्यात गोधडी हातात तोलून बघायची रीत आहे. पाच-सहा थर, घट्ट धावदोरा. जितकी जड तितकी मायेची. तिनं एक तोलून पाहिली आणि खाली ठेवली.

"दोनच थर घाला आक्का. तिला सोताला काढता आली पायजे."

मी म्हटलं, दोन थरांची ती काय गोधडी, चादरच की. पोर काकडेल.

"मायेचं वजन तुमच्यापाशीच ठेवा," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या छातीवर नको. आन् फोटो काढायला बी येऊ नका."

बायका हसल्या. फार नाही, तोंडाला पदर लावून. पण ते हसणं मला घरापर्यंत पुरलं.

पुढच्या बुधवारी दोन थरांची गोधडी शिवून झाली. मी ती घरी आणली, एक कड उसवली आणि आत जुन्या ब्लँकेटचा अख्खा तुकडा सारला. कड परत शिवली. पोरीला थंडी वाजू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मला जावेला माझ्या दारात आणायचं होतं. तिनं यावं, जड झाली म्हणावं, आणि मी म्हणावं, घे, उसव तुझ्या हातानं.

जाऊ कामावर असताना मी गोधडी सासूबाईंच्या हातात दिली. त्या तिच्याकडंच राहतात, कानानं कमी. त्यांनी दुपारी जेवण झाल्यावर पोरीला ती पांघरली आणि अंगणात शेंगा फोडत बसल्या.

भिंतीतून पोरीचा आवाज बारीक येतो. आधी "आजी" म्हणाली. मग "काकू". तीन वेळा. माझे हात कणकेत होते. हात धुवायला असा किती वेळ लागतो? मी कणीक मळत राहिले, आणि तिची आई मला चारचौघींत काय बोलली ते आठवत राहिले.

चारला जाऊ आली तेव्हा पोर घामानं आणि लघवीनं भिजलेली, गोधडी हनुवटीपर्यंत तशीच. छाती कफानं भरली. आठ दिवस शिरूरच्या दवाखान्यात काढले. परत आली तेव्हा कोपराचा जोर गेला होता. डॉक्टर म्हणाले, तो आज ना उद्या जाणारच होता. त्या एका वाक्याला धरून मी दिवस काढले.

जावेनं गोधडी उसवून ते ब्लँकेट माझ्या ओट्यावर आणून टाकलं. तिनं काही विचारायच्या आत मी म्हटलं, मंडपातल्या कुणीतरी घातलं असेल, म्हाताऱ्या बायका, सवयीनं हात जातो. ती आल्या पावली परत गेली. पुढच्या बुधवारी मी पुन्हा सुई ओवली.

गेल्या महिन्यात गावानं आमचा सत्कार केला. शाल माझ्या अंगावर पडली आणि मला तिथं बसवेना. तशीच उठले, भिंतीपलीकडं गेले. जाऊ मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"नवीन काय सांगताय? कडेचा टाका तुमचा हुता. इतकी वर्षं एका घरात राहिलो, मला वळखू येत न्हाई व्हय? तुम्ही कवा तोंड उघडताय तेवढं बघत हुते."

मी म्हटलं, चुकले.

"मला नगा सांगू. तिला सांगा."

पोर आता अकरा वर्षांची आहे. कॉटजवळ उभं राहून सांगितलं, ब्लँकेट मी घातलं, जाणूनबुजून घातलं. तिनं ऐकून घेतलं.

"मी हाका मारल्या, त्या तुला ऐकू आल्या हुत्या का काकू?"

मेथी निवडणारे हात मागं थांबले. हे जावेला माहीत नव्हतं.

"आल्या होत्या," मी म्हटलं. "तिन्ही."

तिला मान वळवायला फार वेळ लागतो. ती पुरती भिंतीकडं वळेपर्यंत मी तिथंच उभी होते.