गोटीचा पाय

घरात आजारी माणूस असलं की लोक फळं आणतात. आजारी पक्षी असला की सल्ले आणतात, आणि प्रत्येक सल्ल्यामागे एक किस्सा उरतो. आमच्या डोंबिवलीच्या घरात पंधरा-वीस दिवसांत असे इतके किस्से साठले की ही, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, लिहून काढा, नाहीतर प्रत्येकाला फोनवर सांगत बसाल." लिहितोय खरा, पण यात लिहिण्यासारखं काही आहे का, याची मला अजून खात्री नाही.

*

गोटी ही बटेर. मुठीएवढा, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा पक्षी. उडतो कमी, पळतो जास्त. हिच्या भाच्याची आंबिवलीला बटेरांची शेड आहे. त्याने एकदा अंड्यांबरोबर ही एक जिवंत पाठवली. रश्श्यासाठी.

हिने खोक्याचं झाकण उघडलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या दिवशी आमच्याकडे पिठलं झालं.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला, "मावशी, कशी होती?"

ही म्हणाली, "आहे अजून."

*

एका संध्याकाळी मी पेपर ठेवून खुर्चीतून उठलो आणि चपलेखाली काहीतरी मऊ लागलं. बारीक 'टिर्र' असा आवाज झाला. खाली पाहतो तर काही नाही. ही बाल्कनीतून वाळलेले कपडे घेऊन आत येत होती. दोन मिनिटांनी दाराजवळच्या सोफ्याखालून गोटी बाहेर आली, डावा पाय लोंबकळत.

"सोफ्याखाली कशात तरी अडकली वाटतं," ही म्हणाली.

"असेल," मी म्हणालो.

चाळीस वर्षं मी कृषी महाविद्यालयात मुलांना सांगत आलो की जे दिसलं ते तसंच लिहा. आणि मला साधं 'चप्पल' म्हणता आलं नाही.

पहिल्या मजल्यावर कांबळे सिस्टर राहतात, हाडांच्या वॉर्डातून रिटायर झालेल्या. ही त्यांच्याकडे चिकटपट्टी आणायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. तेवढ्यात सांगण्याची वाक्यं मी मनात तीनदा जुळवली. ती आल्यावर मी विचारलं, "पट्टी मिळाली का?"

*

पक्षी म्हटल्यावर डोंबिवलीतल्या तीन डॉक्टरांनी आम्हाला ठाण्याचा एकच पत्ता दिला. बुटांच्या खोक्यात गोटी आणि मांडीवर खोकं, असे आम्ही रिक्षाने ठाण्याला गेलो. दवाखान्यात सगळी कुत्री. गोटीने मान आत ओढून घेतली, मीही.

डॉक्टरीणबाई तरुण आणि प्रामाणिक होत्या. "काका, बटेरीवर परीक्षेत प्रश्न आलेला," त्या म्हणाल्या. "मी ऑप्शनला टाकलेला."

मग विचारलं, "पाय मोडला कसा?"

"सोफ्याखाली," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

त्यांनी पाय बांधला. पंधरा दिवसांनी सोडायचा. गरम आणि गुलाबी असला तर वाचला, काळा पडला असला तर कापावा लागणार.

घरी येऊन मी बटेरीवर मिळेल ते वाचून काढलं. सगळ्या लेखांचा शेवट एकच: जायबंदी पक्षी कळपातून काढून टाकावा. आमच्या कळपात पक्षी एकच होता.

*

बांधलेला पाय दुसऱ्याच दिवशी सुटला. सिस्टर वर आल्या, आइसक्रीमच्या काडीची चिमुकली पट्टी तासली आणि मला म्हणाल्या, "नातेवाईक बाहेर थांबा."

बटेर दचकली की सरळ वर उडी मारते आणि डोकं आपटून घेते. म्हणून हिने खोक्याच्या झाकणाला आतून जुनी गोधडी शिवली, आणि मी दारावर कागद लावला: 'आत पेशंट आहे. कृपया बेल वाजवू नये.'

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी शहाळं घेऊन हजर. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "सर, तसे बरे दिसताय की."

मी खोकं दाखवलं. ते बराच वेळ आत बघत राहिले.

"पाणी पिते का?"

"पिते."

"मग हे तुम्हीच घ्या," म्हणाले. "आणलंय तर."

*

बटेर पाण्याने आंघोळ करत नाही, मातीत लोळते. लोळली म्हणजे बरं वाटतंय असं समजायचं. दहा दिवस गोटी लोळली नव्हती.

इथे तरी माझं शिक्षण उपयोगी पडायला हवं होतं, कारण माझी पीएच.डी. मातीवरच आहे. मी तीन ताटल्या मांडल्या: चाळलेली रेती, पोयटा आणि राख. रेतीचा कण जाड तर नाही ना, या शंकेने ती दोनदा पुन्हा चाळली. गोटीने तिन्हीकडे पाठ फिरवली.

ताटल्या मांडल्यावर चौथ्या दिवशी ही उंबऱ्याशी रांगोळी काढत होती. गोटी एका पायावर उड्या मारत गेली, रांगोळीच्या डब्यात शिरली आणि डोळे मिटून लोळली.

"तुमच्या विषयात रांगोळी नव्हती का?" हिने विचारलं.

*

त्या दिवसांत मी घरात चप्पल घालणं सोडलं होतं. पाय घासत चालायचो. ही म्हणायची, वय झालं. तिनेही बाल्कनीचं दार लावणं सोडलं होतं. संध्याकाळी डास येत, मी ते मारत बसायचो.

पंधराव्या दिवशी सिस्टर पट्टी सोडायला आल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

"बघा इकडे, सर. गरम आहे. गुलाबी पण."

गोटी उभी राहिली, डावा पाय टेकवला आणि तिरकी तिरकी तीन पावलं चालली. ही पदराला डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. मला राहवलं नाही. मी सिस्टरांना हळूच म्हणालो, "हिला सांगू नका. गोटी सोफ्याखाली अडकली नव्हती. माझा पाय पडला तिच्यावर."

सिस्टरांनी कात्री पिशवीत ठेवली.

"वहिनी पहिल्याच दिवशी सांगून गेल्यात," त्या म्हणाल्या. "हातात कपडे होते म्हणून त्यांनी बाल्कनीचं दार पायाने ढकललेलं, मधे गोटी सापडली. म्हणाल्या, ह्यांना सांगू नका, झोप लागायची नाही." मग गोटीकडे बघत म्हणाल्या, "पण सर, पाय तर एकच मोडलेला."

ही चहा घेऊन आली. हातावरचा डास मारत मी म्हणालो, "अगं, दार लाव ना जरा."

ती ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

"तुम्हीच लावा," म्हणाली. "आणि आधी चप्पल घाला, फरशी गार आहे."

मी जागचा हललो नाही. सिस्टर चहा पीत राहिल्या.