कोरडी जर्सी

झॉइगवार्टने माझी जर्सी हातात घेतली. उलटी केली. काखेत, पाठीवर चाचपून बघितली. मग सगळ्या काबिनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही धुवायची गरज नाही."

काबिने म्हणजे कपडे बदलायची आमची खोली. झॉइगवार्ट म्हणजे संघाचं सामान सांभाळणारा माणूस. सगळे हसले. कॅप्टन तर मांडीवर थाप मारून हसला. झॉइगवार्टने जर्सी परत माझ्या हुकावर अडकवली, नीट, इस्त्रीची असल्यासारखी. बाकीच्यांच्या घामाने चिंब जर्सी गोळा करून तो निघून गेला. मी स्केट्सच्या नाड्या सोडत बसलो.

आइस हॉकीत बाकावर सगळेच बसतात. मिनिटभर जीव तोडून पळायचं, परत यायचं, दुसरे जातात. पण ते बसणं परत उठण्यासाठी असतं. मी हेल्मेट घालून, नाड्या आवळून सगळी मॅच नुसता बसलो होतो. एकदाही बर्फावर पाय टेकला नाही.

मग मला सजवलं कशाला? तर नियम. आमच्या लीगमध्ये मॅचच्या संघात काही जागा तरुण पोरांसाठी राखून ठेवायच्या असतात. जागा रिकामी सोडली तर संघ तेवढ्याने लहान होतो. नियम एवढंच म्हणतो की पोरगं संघात हवं. त्याला खेळवा, असं कुठे लिहिलेलं नाही. म्हणून कॅप्टन मला नावाने हाक मारायचा नाही. 'क्वोटे' म्हणायचा. क्वोटे, म्हणजे कोटा. "क्वोटे, पाणी दे." "क्वोटे, पक गोळा कर." सरावानंतर पक, म्हणजे खेळायच्या रबरी चकत्या, गोळा करणं हे नव्या पोरांचंच काम असतं, त्याचं मला काही नाही. नावाचं होतं.

आणि हा कोटा कोण? ज्याला अमेरिकेतल्या एका मोठ्या क्लबने ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत उचललं होतं तो. जगभरातल्या अठरा वर्षांच्या पोरांमधून ते वेचून घेतात. घेतात म्हणजे हक्क घेतात. मला म्हणाले, अजून दोन-तीन वर्षं जर्मनीतच खेळ, तयार हो, मग बोलावतो. तयार झालो तर तिकडे. नाही झालो तर कुणी विचारणार नाही. माझं सगळं त्या दोन-तीन वर्षांवर होतं.

आम्ही ब्योब्लिंगेनला राहतो. पप्पा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. निवड झाली तेव्हा इथल्या मराठी मंडळाने मला शाल-श्रीफळ दिलं, डोक्यावर घेऊन नाचले. ज्या काकांनी कधी स्केट्स बघितले नव्हते ते मला पॉवरप्ले समजावून सांगत होते. पप्पा कोपऱ्यात उभे राहून हसत होते. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

इथल्या क्लबशी करार करायला बसलो तेव्हा माझा एजंट विचारत होता, "याला बर्फावर किती वेळ मिळणार? कुठल्या जागेवर खेळवणार? ते कागदावर येऊ दे." श्पोर्टडिरेक्टर, म्हणजे क्लबच्या वतीने करार करणारा साहेब, त्याच्या कपाळावर आठी पडली. तेवढ्यात पप्पा मध्ये पडले. आपल्या तुटक जर्मनमध्ये म्हणाले, "आमची काही अट नाही. पोरगा तुमच्या हवाली केला. मारा, झोडा, पण घडवा."

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, श्पोर्टडिरेक्टर म्हणाला आणि त्याने पप्पांचा हात धरून हलवला. एजंटने आपली फाइल मिटली.

ही चूक जर्मन बापाने केली नसती. तो चष्मा लावून एकेक ओळ वाचत बसला असता. आपल्याकडे गुरूला अटी घालणं म्हणजे उद्धटपणा. गुरूच्या पायावर पोर घातलं की काम झालं. दिवाळीला पप्पांनी ट्रेनरला, म्हणजे आमच्या कोचला, चकल्यांचा डबा दिला. महिन्याभराने मी त्याच्या खोलीत गेलो तर डबा खिडकीत तसाच पडलेला. झाकणावरची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. घरी सांगितलं, त्यांना फार आवडल्या.

मी सेंटर. मधला खेळाडू. खेळ बघायचा, वाट काढायची, पास द्यायचा. ह्याच्यासाठीच मला निवडलं होतं. ट्रेनर पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "इथे पुरुष खेळतात. वजन वाढव." वाढवलं. आई म्हणायची, "अरे, बास कर, आजारी पडशील," तरी गिळत राहिलो. वजन वाढलं, पाय जड झाले. मग म्हणाला, "मंद झालास." सेंटरवरून काढून कडेला टाकलं. पक खेळू नकोस, माणूस ठोक, असं सांगितलं. मला ठोकता येत नव्हतं. मग बाक.

एका हरलेल्या मॅचमध्ये अगदी शेवटी त्याला माझी आठवण झाली. तासन्‌तास बसून आखडलेलं अंग, तसंच मला बर्फावर ढकललं. दुसऱ्याच वळणावर जांघेतला स्नायू फाटला. मी बर्फावर आडवा पडलो होतो आणि माझ्या डोक्याशी उभा राहून ट्रेनर सहायकाला सांगत होता, "गेनेटिक. रक्तातच आहे. काय करणार." माझ्यासमोर. मला जर्मन येत नाही अशा थाटात. अहो, मी इथल्या किंडरगार्टनमध्ये वाढलोय!

बरा होऊन आलो तो परत बाकावर. मात्र स्टेडियमबाहेर फोटो माझाच होता. दारापेक्षा मोठा. मॅच संपली की सूट घालून मला वरच्या मजल्यावर स्पॉन्सर मंडळींना भेटायला पाठवायचे. एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती छान खेळलात आज!" त्या दिवशीही मी बर्फावर गेलो नव्हतो. मी "डांके", धन्यवाद, म्हणालो. घशात  त्या एका शब्दाची लाज मला अजून वाटते.

झॉइगवार्टने जर्सी चाचपली तो रविवार. दुपारची मॅच होती. पप्पा पार्किंगमध्ये चहाचा थर्मास घेऊन थांबले होते, नेहमीसारखे. नेहमीसारखंच म्हणाले, "असू दे. गप्प राहायचं, मेहनत करायची. एक दिवस त्यांनाच कळेल."

माझं डोकं फिरलं. जर्सीचं सांगितलं. आणि कॅप्टन मला काय म्हणून हाक मारतो तेही सांगितलं. ते इतके दिवस घरी बोललो नव्हतो.

पप्पांनी हातातला कप डॅशबोर्डवर ठेवला. समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मला पण म्हणायचे. हॉस्टेलवर. ए कोटा, पाण्याचा जग सरकव."

आमची जात कुठली, हे पप्पांनी मला तोवर कधी सांगितलं नव्हतं. मंडळात कुणी आडनाव खोदून विचारलं की ते जिल्ह्याचं नाव सांगायचे आणि विषय बदलायचे. मला वाटायचं, स्वभाव लाजाळू.

"मग तुम्ही काय केलंत?"

"अभ्यास केला."

"आणि?"

"फर्स्ट क्लास मिळाला. निरोपाच्या दिवशीसुद्धा त्याच नावाने हाक मारली." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "अजून मीटिंगमध्ये तोंड उघडायच्या आधी मला धडधडतं. इतकी वर्षं झाली इथे."

खरं तर मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. त्या हॉस्टेलवाल्यांचा आला, कॅप्टनचा आला, आणि पप्पांचाही आला. मी ओरडलो, "तुम्हाला माहीत होतं! गप्प बसून काही होत नाही हे तुम्हाला माहीत होतं. तरी मला तेच शिकवलंत?"

"मला दुसरं काही येत नव्हतं रे," पप्पा म्हणाले.

पप्पांनी गाडी सुरू केली. घरी पोचेपर्यंत मला एक गोष्ट लख्ख कळली. नियमाने दिलेली जागा ही भीक नाही. पप्पांची नव्हती, माझीही नाही. ती जागा कुणीतरी झगडून मिळवलेली असते, कारण ती नसती तर ह्यांनी आपल्याला दारातही उभं केलं नसतं. लाज वाटायची तर त्या जागेवर पोराला बसवून खेळू न देणाऱ्याला वाटावी. पप्पा आयुष्यभर दुसऱ्यांची लाज स्वतःच्या अंगावर घेऊन फिरले. आणि मलाही तीच घालत होते, प्रेमाने.

पुढच्या मॅचला मी काबिनेत साध्या कपड्यांत जाऊन बसलो. ट्रेनर आला.

"कपडे का नाही बदललेस?"

"मी आज बर्फावर जाणार आहे का?"

"ते मी ठरवतो."

"मग ठरवा. खेळवणार असाल तर बदलतो. नुसती जागा भरायची असेल तर माझं नाव काढा."

कॅप्टन टेप गुंडाळायचा थांबला. ट्रेनरचे कान लाल झाले. "ह्या जागेसाठी किती पोरं जीव टाकतात, माहितेय?"

"माहितेय. त्यांनाही तुम्ही खेळवत नाही."

"क्वोटे, नाटक बंद कर," कॅप्टन म्हणाला.

मी त्याच्याकडे वळलो. "माझं नाव तुला येतं," मी म्हणालो. "ते घे, नाहीतर मला हाक मारू नकोस."

त्याने नाव घेतलं नाही. मी बॅग उचलली आणि बाहेर पडलो. माझ्या जागी ज्युनिअर संघातला एक पोरगा बोलावला. त्यालाही शेवटपर्यंत बसवून ठेवलं.

मला सरावातून काढलं, मग संघातूनच. फोटो आठवड्याभरात उतरवला. मंडळातले काका म्हणाले, "एवढी संधी लाथाडली! आपल्या लोकांना टिकता येत नाही." आपल्या म्हणजे कोणाच्या, ते मी विचारलं. ते दुसरीकडे बघायला लागले. आता मी तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळतो. एक छोटं गाव, अर्धवट छपराचं स्टेडियम, पाऊस आला की बर्फावर डबकी. सेंटरला खेळतो. पाय परत हलके होतायत. पण तयार होण्याची जी वर्षं होती ती गेली, ती कुणी परत देणार नाही. जांघ अजून दुखते.

परवा अमेरिकेतल्या त्या क्लबचा फोन आला. तरुण खेळाडूंचं बघणारा त्यांचा माणूस. गोड बोलला. म्हणाला, "तुझ्याबद्दल आमच्याकडे चांगला रिपोर्ट नाही. जुन्या क्लबला एक माफीचा फोन कर. ते परत घेतील. नाहीतर आम्हाला तुझा हक्क सोडून द्यावा लागेल."

पप्पा समोर उभे होते. फोन स्पीकरवर होता. त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी भीती आली, मी बघितली. हात वर झाला, मला थांबवायला. मग त्यांनी स्वतःच तो खाली घेतला.

"सोडून द्या," मी म्हणालो. "माफी मागणार नाही. मी काही चुकीचं केलेलं नाही. आणि पुढे कुणीही बोलावलं, तुम्ही बोलावलंत तरी, पहिला प्रश्न मी विचारणार. खेळवणार का? उत्तर कागदावर द्यायचं. नसेल द्यायचं तर मी ह्याच गावात, ह्याच डबक्यांत खेळेन. पण शोभेला म्हणून मी परत कुणाच्या बाकावर बसणार नाही."