मागचं तू बघ

गौतमदादाच्या निधनाच्या बातमीसोबत मी दुसऱ्याच माणसाचा फोटो छापून आणला. तो माणूस जिवंत होता, शिरूर अनंतपाळजवळच्या एका शाळेत गुरुजी होता, आणि सकाळी सकाळी त्याचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "साहेब, पेपरात मी गेलोय. नाव दुसऱ्याचं हाय, तोंड माझं हाय. सासुरवाडीची माणसं जीप करून निघालीत… त्यांना काय सांगू?" मी म्हणालो, "चहा पाजा."

दोघंही पेपरांचे फोटोग्राफर, दादा नांदेडचा, मी लातूरचा. पेपर वेगळे, पण मोर्चा मोठा असला की दोघंही हजर. गेला त्या दिवशी दादा दुपारी जेवून आडवा झाला आणि उठला नाही, एवढंच त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी फोनवर सांगितलं. तासाभरात ऑफिसातून निरोप, फोटो पाठवा. आता आली पंचाईत. जन्मभर लोकांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा फोटो कुणाकडंच नव्हता. मी माझा कॉम्प्युटर उपसला. शिक्षकांच्या एका धरण्यात, गर्दीच्या कडेला, तसंच खिशाखिशांचं जाकीट, तशीच पांढरी टोपी आणि तीच झुपकेदार मिशी दिसली. मिशी बघितली आणि पुढचं काही बघितलं नाही. कापला, पाठवला, मग रडत बसलो.

माफी मागायला आधी गुरुजींकडं आणि मग नांदेडला गेलो, तेव्हा वहिनींच्या मांडीवर तोच पेपर होता. "भाऊजी, ह्यांना मिशी कुठं व्हती?" मी म्हणालो, "होती की." "लेकीच्या लग्नाआधी काढली. सहा वर्सं झाली." या सहा वर्षांत किती मोर्चे, किती चहा… समोरासमोर बसायचो खरं, पण दोघांची नजर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, कुणाचा फोटो बरा आला ते बघण्यात. बघणं हाच माझा धंदा, आणि मला मिशी गेलेली कळली नाही. अजूनही डोळे मिटले की मिशीवालाच दादा येतो. तो खरा की खोटा, माझं मलाच कळेनासं झालंय.

वहिनींचं मागणं साधं होतं. पाच दिवसांनी जलदान विधी होता. बुद्धांच्या तसबिरीशेजारी ठेवायला त्यांना एक फोटो हवा होता, आत्ताचा, त्यांच्या ओळखीच्या माणसाचा. आधार कार्डावरचा नको म्हणाल्या, "त्यात ते पकडून आणल्यावाणी दिसतेत." लेकीच्या लग्नाचा अल्बम उघडला तर त्यात दादा कुठंच नाही. लावलेल्या फोटोग्राफरचा अँगल पसंत पडेना म्हणून हा स्वतःच फोटो काढत फिरत होता. "तुम्ही मोर्चातले सोबती. तुमच्याकडं असंलच," वहिनी म्हणाल्या. मी मान हलवली. पण मोर्चात मी दादाला बघायचो तो पाठीमागून.

त्याची पद्धतच तशी होती. मोर्चा पुढं चालतो, तर दादा मोर्चासमोर उलटा चालायचा, डोळा कॅमेऱ्याला, पाय अंदाजानं. मागं उभं राहून त्याचा शर्ट धरायचा आणि खड्डा, दुभाजक, पोलिसाची मोटारसायकल चुकवत त्याला न्यायचं, हे माझं काम. "समोरचं मी बघतो, मागचं तू बघ," पहिल्याच दिवशी वाटणी झाली. बदल्यात, माझा फोटो हुकला तर त्याच्यातला एक मला मिळायचा. माझे हुकायचेच. लोह्याच्या मोर्चात समोरून ओळखीचा हवालदार दिसला, मी रामराम घालायला शर्ट सोडला आणि दादा केळ्यांच्या हातगाड्यावर उताणा. पडता पडताही बटण दाबत होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सगळा मोर्चा मुठी वर करून खदाखदा हसतोय. नेते चिडले, "आमचं आंदोलन गंभीर होतं." दादा म्हणाला, "गंभीरच व्हतं हो. आमच्या ह्या गड्यानं हात सोडला."

चार दिवस मी फोटो धुंडाळले. सापडला तो एकच, लातूरचा. एका हातात त्याचा शर्ट, दुसऱ्या हातानं त्याच्या खांद्यावरून मी काढलेला. समोर झेंडे, फलक, ओरडणारी तोंडं, आणि मध्ये दादा. टोपीची मागची कड, मानेवरचा तीळ, घामानं भिजलेली कॉलर… पाठमोरा. दुसरा नव्हताच. तोच मोठा करून, फ्रेम करून नेला आणि वहिनींपुढं धरून खाली बघत उभा राहिलो. त्यांनी मानेवरच्या तिळावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग म्हणाल्या, "हेच हाईत. घरातून निघताना असेच दिसायचे. आन् ह्यात मिशी तरी चुकणार न्हाई तुमची." जलदानाला लोक त्या पाठीला फुलं वाहत होते. एका म्हाताऱ्या मावशींनी तर फ्रेम उलटी करून मागं बघितलं, तोंड तिकडं हाय का म्हणून.

मागच्या आठवड्यात लातूरला शिक्षकांचा मोर्चा होता. दादासारखा मीही उलटा चालू लागलो. शर्ट धरायला कुणी नाही, तरी पाठ वाट बघत होती. आणि खरंच, कुणीतरी मागून शर्ट घट्ट धरला. मी मागं न बघताच म्हणालो, "सोड दादा, दिसतंय मला." हात सुटला नाही. वळून बघितलं, तर झुपकेदार मिशी. क्षणभर दादाच वाटला… मग ओळख पटली. शिरूर अनंतपाळचे गुरुजी.

"मागं गटार उघडं हाय, साहेब," ते म्हणाले. "तुम्हाला जितं माणूस दिसंना, गटार काय दिसतंय."