अर्ध्यावर सोडलेले शेक

नागपूरला बाईचे शेक, म्हणजे रेडिएशन, अर्ध्यावर आले होते, आणि ती रोवणीसाठी गावी पळून आली. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, एका विषाणूमुळे झालेला. मी वडशाच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. भावजींचा फोन आला तशी थेट शेतावर गेले. ही बया गुडघाभर चिखलात, बायकांच्या रांगेत वाकून धान रोवत होती. माझं डोकंच फिरलं. शेताच्या धुऱ्यावरूनच तिला नको नको ते बोलले. रक्त जायचं थांबलं, म्हणजे विषाणू मेला, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे दुखणंसुद्धा रोवणी आटोपल्यावर काढायचं असतं.

मग तिला समजेल असं सांगितलं. तलावाचं पाणी सोडणारा-अडवणारा आपला पाणकर असतो ना, तसे वाढ अडवणारे पाणकर प्रत्येक पेशीत असतात. हा विषाणू कित्येक वर्षांपूर्वी आत शिरला, स्वतःची जनुकं पेशीच्या जनुकांत मिसळून बसला आणि त्यानं पाणकरांचे हात बांधले. आता जी जनुकं बंद राहायला हवीत ती चालूच आहेत, पेशी वाढतच सुटल्यात. रक्त थांबलं तरी हात बांधलेलेच आहेत. म्हणून त्या पेशी शेकानं पुरत्या मारायच्या.

तिला पटलं. पाय धुऊन ती मुकाट्यानं माझ्यासोबत निघाली.

नागपूरच्या डॉक्टरांनी नव्या तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेतलं. आजार फुप्फुसात पोचला होता. शेकाचा आता उपयोग नव्हता, फक्त दुखणं कमी करायच्या गोळ्या. मी जिन्यात बसून रडले.

परतताना गाडीत तिनं विचारलंच, आता काही उपाय नाही का. माझ्याजवळ द्यायला काहीच नव्हतं, म्हणून वाचलेलं सांगितलं: प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींत, विषाणूची ती जनुकं गप्प केली की पाणकर पुन्हा कामाला लागतात. ती ताठ बसली.

"म्हणजे पाणकर मेला नाई?"

नाही, म्हटलं. पण माणसात हे अजून जमलेलं नाही, हेही सांगितलं. ते तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. माझा हात तिनं दुखेपर्यंत दाबून धरला.

"मले जगायचं हाये. तू शिकलेली हायेस ना, सांग त्यायले, जरा लवकर करा म्हणा."

सांगते, म्हटलं. कोणाला, ते तिनं विचारलं नाही.